सिएनाचा आठवडा

“फळ्यावरचं नाव आधी पूस, मग माझ्याशी बोल,” रोझलिन म्हणाली. गाडीची किल्ली तिने ओट्यावर आपटली, ती घसरत जाऊन बटाट्यांच्या सालांत पडली. “आणि मी तुला विचारत नाहीये, गॅव्हिन. सांगतेय.”

“झालं काय ते तरी सांगशील?”

“वर जाऊन बघ. सात नंबरच्या खोलीत. तुझ्या त्या सिएनाला आणायला मला पाठवलंस ना धावपट्टीवर? आणली. पुढच्या सीटवर बसवून आणली. विमानातून उतरली, गॉगल काढला आणि मला म्हणते, ‘आत्या, केस कापलेस वाटतं.’”

गॅव्हिन पास्कोच्या हातात बिअरच्या नळाचं तोंड होतं, धुवायला काढलेलं. ते तो धूतच राहिला. रोझलिनला आत्या म्हणणारं माणूस या जगात एकच होतं, आणि त्या माणसाने आठ वर्षांत या घरात पाऊल टाकलं नव्हतं. एक कार्ड नाही, एक फोन नाही. गॅव्हिनने पाणी बंद केलं, परत चालू केलं, परत बंद केलं.

“टेगन?” तो म्हणाला.

“नाही, इंग्लंडची राणी. टेगनच. तुझी पोरगी. आणि चार वाजता ती तुझ्या बारमागे चड्डीबनियनवर उभी राहून तुझ्या गिऱ्हाइकांना बिअर देणार आहे, आणि तू स्वतःच्या हाताने तिचं नाव फळ्यावर लिहिलंयस. गुलाबी खडूने. वर बदाम काढलायस.”

बदाम तो दर आठवड्याला काढायचा. त्यात काही नव्हतं.

गोल्डफिल्ड्समधल्या, म्हणजे सोन्याच्या खाणींच्या पट्ट्यातल्या, या यंदारा गावात हे असंच चालतं. मंगळवारी दुपारच्या विमानाने पर्थहून नवी स्किम्पी येते, जुनी त्याच विमानाने परत जाते. तोकड्या कपड्यांत बारमागे उभं राहायचं, खाणीवरून आलेल्या बाप्यांना बिअर भरून द्यायची, गोड बोलायचं, हात लावू द्यायचा नाही. एवढंच काम. एवढंच म्हणायला सोपं आहे, ज्याला वाटतं त्याने एकदा उभं राहून बघावं. एजन्सीने दिलेलं असतं तेच नाव, फळ्यावर लिहिलं ते खरं. मूळ नाव विचारायचं नाही, हा गॅव्हिनच्या बापाने घालून दिलेला नियम. फोटोंच्या यादीकडे बघायचं नाही, हा गॅव्हिनचा स्वतःचा. दर महिन्याला एजन्सीकडून पाकीट यायचं आणि तो ते न उघडता आईपुढे ठेवायचा. परक्या पोरींचे उघडेवाघडे फोटो आपण कशाला चिवडायचे, असं त्याचं म्हणणं. याला तो सभ्यपणा समजायचा.

“तिला काय ठाऊक नव्हतं, कुठल्या गावात पाठवतायत?” तो म्हणाला.

“ठाऊक होतं,” टेबलापाशी बसलेली एनिड म्हणाली. गॅव्हिनची आई, एकोणऐंशी वर्षांची, बटाटे सोलत होती आणि मान वर करायला तयार नव्हती. “मीच मागवली.”

दोघं भावंडं तिच्याकडे वळली.

“यादीत फोटो होता. केस लाल केलेत, पण हनुवटी कुठे जाते? तुझ्या बापाची हनुवटी आहे ती. मी बोट ठेवलं आणि तुला म्हटलं, ही सिएना सांग, तिसऱ्या आठवड्यासाठी. तू सांगितलंस. यादीकडे बघितलंससुद्धा नाहीस.”

“आई, तू मुद्दाम...”

“मग काय करू? तू बोलवणार होतास? आठ वर्षं वाट बघितली मी. पुढची आठ माझ्याकडे नाहीत.”

रोझलिन खुर्चीत बसली. मग लगेच उठली. ती चिडली की तिला बसवत नाही, आणि त्या दिवशी तिला कुणावर चिडायचं ते ठरवता येत नव्हतं. “तिला परत पाठव,” ती गॅव्हिनला म्हणाली. “विमान सव्वापाचला सुटतं. तुझ्या दोस्ताने, म्हाताऱ्या वॉलने, तिला कडेवर घेऊन शाळेत सोडलीय. खाणीवरचा अर्धा मेळा तिला ओळखतो. लोक काय बोलतील याची तुला लाज नसेल, मला आहे. रविवारी चर्चमध्ये मला उभं राहायचंय.”

“मी तरी कुठे म्हणतोय ठेव म्हणून? असल्या बायकांसारखं तिने...”

“थांब,” रोझलिन म्हणाली. आवाज एकदम खाली आला तिचा. “असल्या म्हणजे कसल्या?”

गॅव्हिनने परत नळाचं तोंड धुवायला घेतलं.

“नाही, सांग ना. तीस वर्षं मी असल्या बायकांना नाश्ता घालतेय. ताप आला की मी बसते उशाशी. एकीला नवऱ्याने मारलं होतं, तिचे टाके मी काढले या टेबलावर. तू सात नंबरपर्यंत तरी गेलायस कधी? कसल्या बायका, गॅव्ह? मला पण कळू दे, मी कुणाला चहा पाजत होते ते.”

“आत्ता तर तूच म्हणत होतीस, परत पाठव.”

“म्हणत होते. ती आपली आहे म्हणून. त्या असल्यात म्हणून नाही.” तिने सालांतून गाडीची किल्ली उचलली आणि एप्रनला पुसली. “तुझ्या तोंडून ऐकलं आणि माझंच मला वाईट वाटलं. जा वर. तूच काय ते बोल. मी आता मध्ये नाही.”

एनिड बटाट्याला म्हणाली, “नीट बोल. त्या वेळेसारखं नको.”

त्या वेळेस काय झालं होतं, ते यंदारात सगळ्यांना माहीत आहे. टेगन वीस वर्षांची होती. जेवताना तिने सांगितलं की पर्थच्या एजन्सीत काम मिळतंय, महिन्यातून दोन आठवडे, बाकीचे दिवस शिकेन. गॅव्हिनने काटा खाली ठेवला आणि म्हणाला, पास्कोंच्या घरात असलं चालत नाही. हे तो बारच्या बरोब्बर वरच्या मजल्यावर बसून म्हणाला. खालून हसण्याचे आवाज येत होते. टेगनने जमिनीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, मग हे काय चालतंय? त्यावर त्याने तिला सांगितलं की उद्याच्या विमानाने जा. ती उद्यापर्यंत थांबली नाही. खाणीच्या ट्रकमधून गेली.

मागचा जिना सतरा पायऱ्यांचा, घरच्यांच्या खोल्यांपासून वेगळा. शेवटच्या पायरीपुढे लाकडी जमिनीवर एक पांढरी रेघ होती, गॅव्हिननेच रंगवलेली. रेघेपलीकडे सात नंबर, आणि रेघेपलीकडे कुणीही पुरुष जायचा नाही, मालकसुद्धा. बावीस वर्षांत तो एकदाही गेला नव्हता. नळ गळायला लागला तर रोझलिनने पान्हा घेऊन जायचं.

तो शेवटच्या पायरीवर उभा राहिला. खोलीचं दार उघडंच होतं. टेगन पलंगाच्या कडेला बसून पायाची नखं रंगवत होती. अंगावर रोझलिनचा जुना निळा गाऊन होता, तिला आखूड होणारा.

“ये म्हणणार नाही,” ती म्हणाली. “तुझाच नियम आहे.”

“टेगन...”

“सिएना. मंगळवार ते मंगळवार. तोही तुझाच.”

गॅव्हिनने कठड्याला धरलं. काय बोलायचं ते त्याने सतरा पायऱ्यांवर जुळवलं होतं, ते सगळं गेलं. “प्रवास नीट झाला?” तो म्हणाला.

ती हसली. वाईट नाही हसली, खरंच हसली. “नीट झाला. शेजारी एक डंपर चालवणारा होता. दोन तास बायकोचे फोटो दाखवत होता. शेवटी म्हणाला, ती गेल्या वर्षी सोडून गेली. मग मी परत सगळे फोटो बघितले.”

“हं.”

“बस ना. पायरी तुझ्या बाजूची आहे.”

तो पायरीवर बसला. ती उठून आली आणि रेघेच्या पलीकडे, म्हणजे तिच्या बाजूला, जमिनीवर बसली. नखं वाळावीत म्हणून पाय लांब केले. मध्ये ती रेघ. पत्र्याचं छप्पर उन्हाने तडतडत होतं आणि कुठेतरी एक माशी काचेवर आपटत होती.

“तुला क्रिस्टल आठवते?” तिने विचारलं.

“कोण?”

“कुणी नाही. आई गेली त्या वर्षी या खोलीत राहिलेली. ती माझ्या वेण्या घालायची. घड्याळ बघायला तिने शिकवलं मला. डेझीने पोहायला शिकवलं, पाच दिवसांत, कारण तिच्याकडे पाचच दिवस उरले होते. मग एक ती होती, जिला कुत्र्यांची भीती वाटायची, ती मला झोपताना गाणी म्हणायची. मी शाळेतून आले की दप्तर घेऊन थेट या खोलीत. आणि मंगळवारी आले की खोली रिकामी. पलंगावर धुतलेली चादर.”

“तुला माहीत होतं की मंगळवारी जातात.”

“मी सहा वर्षांची होते, बाबा.”

बाबा म्हणाली. ते त्याला इतकं लागलं की तो जिन्याखालच्या पायपुसण्याकडे बघायला लागला.

“दर मंगळवारी माझी एक मोठी बहीण जायची,” ती म्हणाली. “आणि थोड्या वेळाने नवी यायची, आणि मी परत सुरू. तुला नाही कळलं कधी. तू खाली होतास.”

“मला काम होतं.”

“होतंच.” तिने अंगठ्याच्या नखावर फुंकर मारली. “मी भांडायला नाही आले. आठ वर्षं एजन्सीला सांगून ठेवलं होतं, कुठेही पाठवा, यंदारा नको. पाठवलं त्यांनी. गव्हाच्या पट्ट्यातली गावं, समुद्राकडची, लोखंडाच्या खाणीवरची. सगळीकडे अशीच खोली, असाच पंखा. सगळीकडे कुणीतरी मला सांगतो की मी त्याच्या बायकोसारखी हसते. गेल्या महिन्यात एजन्सीवाली म्हणाली, यंदाराहून तुझंच नाव आलंय, नाही म्हणून कळवू का? मी विचारलं, कुणी मागितलं? म्हणाली, मालकाने. स्वतः फोन करून.”

गॅव्हिनने पायरीच्या कडेचा रंग नखाने खरवडला.

“मी रात्रभर जागी होते,” टेगन म्हणाली. “म्हटलं, त्याने फोटो बघितला. ओळखलं. आणि तरीपण बोलावलं. माफी बिफी त्याला मागता येत नाही, म्हणून असं बोलावलं. म्हणून आले मी. तू बघितलास ना फोटो?”

आता बघा. एक शब्द होता. हो. दोन अक्षरंसुद्धा नाहीत. कुणाचं काही बिघडलं नसतं, एनिडने तोंड शिवून घेतलं असतं, रोझलिनने मान फिरवली असती, आणि ही पोरगी आठ वर्षांनी रेघ ओलांडून आली असती. कुठल्याही शहाण्या माणसाने म्हटलं असतं हो. पण गॅव्हिन पास्कोला खोटं बोलता येत नव्हतं. म्हणजे तो चांगला होता असं नाही, त्याला फक्त जमायचं नाही.

“नाही,” तो म्हणाला. “आजीने. मी यादी बघत नाही.”

टेगनने पाय जवळ घेतले.

“कधीच नाही?”

“कधीच नाही.”

“बारमध्ये त्या तुझ्या शेजारी उभ्या असतात. सात दिवस. तेव्हा कुठे बघतोस?”

“फेसाकडे,” तो म्हणाला. हे खरं होतं. त्याच्याइतका सपाट फेस गोल्डफिल्ड्सच्या कुठल्याच पबमध्ये मिळत नाही.

“म्हणजे आज चारला मी तुझ्या शेजारी येऊन उभी राहिले असते आणि आत्याने सांगितलं नसतं, तर तुला मंगळवारपर्यंत कळलंही नसतं.”

उत्तर तिला माहीत होतं.

“तू कुणाकडेच बघत नाहीस, बाबा. आणि त्यालाच तू इज्जत म्हणतोस.” ती उठली. गाऊनची दोरी घट्ट केली. “आलेच आहे तर आठवडा पुरा करते. चार वाजता खाली येते. मंगळवारी जाते.”

“तू इथे काम करायचं नाहीस.”

“मग तसं फोन करून एजन्सीला सांग. सव्वापाचच्या विमानात जागा आहे.” तिने दार लावलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं त्याला.

स्वयंपाकघरात एनिडने डोळे वर केले आणि त्याच्या तोंडावरून ओळखलं. “खरं सांगितलंस,” ती म्हणाली. “गाढवा.”

“ती मंगळवारी जाणार म्हणते.”

“जाणार कशी? मी तिला कामाला नाही बोलावलं, घरी बोलावलंय.” सुरी टाकून एनिड कठडा धरत धरत जिन्याच्या तोंडाशी गेली. “टेगन. पोरी. तू काम नाही करायचंस गं. मी तुझी जुनी खोली झाडून ठेवलीय.”

वरून आवाज आला, शांत. “आजी, घरी कुणी बोलावलं असतं तर घरी आले असते. फोन एजन्सीचा आला.”

एनिड तिथेच उभी राहिली. या घरात अठ्ठावन्न वर्षांपूर्वी ती स्वतः ग्लास धुवायला आली होती आणि मालकाशी लग्न करून राहिली होती. माणसं येतात आणि राहतात, हेच तिला माहीत होतं. येऊन जाणाऱ्यांचं काय करायचं ते तिला कधीच उमगलं नव्हतं. ती परत आली, आणि आता उलटंच बोलायला लागली. “पाठव तिला. मला नाही बघवणार. एक आठवडा दाखवायची आणि परत न्यायची, त्यापेक्षा आजच जाऊ दे.”

“आता तू पण,” रोझलिन म्हणाली. “आणली कुणी?”

“चुकलं माझं.”

“चुकलं तर चुकलं. ती कामाला आलीय, काम करेल.” रोझलिनने ओव्हनचं दार लावलं. “या घरात आठवडा ठरला की आठवडा ठरला. दुसऱ्या कुणाच्या पोरीला आपण पोचल्या दिवशी परत पाठवलं असतं का? नाही ना. मग हिला का? ही आपली म्हणून हिला कमी?”

तासाभरापूर्वी हीच बाई फळा पुसायला सांगत होती. गॅव्हिनने तिच्याकडे बघितलं आणि त्याला वाटलं, घरात आता आपल्या बाजूचं कुणी उरलं नाही. मग वाटलं, आपली बाजू तरी कुठली?

फोन भिंतीवर होता. त्याने तो उचलला नाही.

चारला सकाळच्या पाळीची माणसं आली. भडक पिवळे शर्ट, गुडघ्यापर्यंत लाल धूळ, तोंडं धुतलेली आणि माना तशाच. वॉल त्याच्या कोपऱ्यात होता, दोन बोटं नसलेल्या हाताने ग्लास धरून. सिएना मागच्या दाराने आली. गॅव्हिनने नळाकडे बघितलं.

एका नव्या पोरट्याने शिट्टी मारली. शेजारच्याने त्याला कोपराने ढोसलं आणि कानात काहीतरी सांगितलं. पोरट्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा गॅव्हिनकडे, आणि ग्लास असा अलगद ठेवला की जणू आत कुणी झोपलंय. ते कानातलं मग टेबलावरून टेबलावर गेलं. दहा मिनिटांत अख्ख्या बारला कळलं.

एरवी मंगळवारी त्या बारमध्ये कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. त्या दिवशी फ्रीजचा आवाज ऐकू येत होता. तीस बाप्ये, आणि प्रत्येकजण आपल्या बिअरकडे बघत होता. कुणी भिंतीवरचा टीव्ही बघत होता, तो बंद होता. बघण्यासाठी जिला आणलंय तिच्याकडे कुणी बघेना. अशा बाईने काय करायचं? तिने प्रयत्न केला. विनोद सांगितला एक, चांगला होता, कुणी हसलं नाही. ती टेबलांमधून गेली तेव्हा माणसांनी खुर्च्या मागे घेतल्या, जशा पाद्री आल्यावर घेतात.

“वॉल,” ती म्हणाली, “मी बिअर देतेय, कडू औषध नाही. मान वर कर.”

“मान ठीक आहे माझी.”

“आवाज तरी ओळखतोस का?”

“ओळखतो ना पोरी.” वॉल टेबलाशी बोलला. “पण तुझा बाप इथंच उभा आहे. आम्ही काय करावं?”

पलीकडून एक माणूस उठला, अर्धी बिअर तशीच टाकून, आणि टोपी घालून गेला. मग आणखी दोघं. जाताना सगळ्यांनी गॅव्हिनला मान हलवून निरोप दिला. तिला नाही. त्यांच्या मते ते बरोबर वागत होते.

गॅव्हिनला फक्त तिचे हात दिसत होते, कारण तेवढेच नळाच्या उंचीला येत होते. ग्लास घेणारे, ठेवणारे. नखं लाल. मग तोच एक ग्लास ती तिसऱ्यांदा पुसतेय तेही दिसलं.

“बाबा,” ती हळूच म्हणाली. “मागे ये.”

मागच्या बोळात बिअरची पिंपं रचलेली असतात. तिने खुंटीवरचा रोझलिनचा कोट काढून अंगात घातला, वरपर्यंत बटणं लावली. दारात रोझलिन येऊन उभी राहिली, तिच्यामागे एनिड.

“हे असं नाही चालणार,” टेगन म्हणाली. “तू तिथे असलास की मी टेगन. टेगनकडे त्यांना बघता येत नाही. आणि कुणी बघितलं नाही की मला... तुला नाही कळणार ते. मी लहानपणापासून या घरात कुणी बघायची वाट बघितलीय. आता तीस माणसं मान खाली घालून बसलीत, आणि सगळ्यांत पुढे तू.”

“मी काय करू?”

“मला पाठव. मी जाईन. रडणार नाही, भांडणार नाही. पण मग संपलं, आपण दोघं एकमेकांना विचारायचं नाही. नाहीतर मला आठवडा करू दे. आणि तो तुझ्यासमोर होणार नाही.”

“हा माझा बार आहे.”

“माहितेय.”

“बावीस वर्षांत चार ते अकरा मी इथून हललो नाही.”

“तेही माहितेय,” ती म्हणाली. “माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल.”

रोझलिनने खिशातून कार्ड काढलं. “बार चालवायचा परवाना माझ्याकडेही आहे. मी बघते बार.”

“तू तर बिअर भरताना अर्धा ग्लास फेस करतेस.”

“करू दे. पितील.”

एनिड भिंतीला टेकून उभी होती आणि एकदम खूप म्हातारी दिसत होती. तिने आणलेली पोरगी, तिचा पोरगा, आणि दोघांपैकी एकच घरात मावणार होतं.

सात दिवस, चार ते अकरा. कुठे जायचं? यंदारात चारनंतर माणसाला जायला तीन पब आहेत, रेल्वेपलीकडचं, धंद्याच्या बायकांचं लाल पत्र्याचं घर आहे, पेट्रोल पंप आहे आणि स्मशान आहे. दुसऱ्याच्या पबमध्ये जाऊन बसला तर तासाभरात गावभर होईल. लाल घराचं दार त्याने जन्मात वाजवलं नव्हतं, आणि आज वाजवून करायचं काय, तिथेही कुणाची तरी पोरगीच असणार. घरी जावं म्हटलं तर घर हेच, बारच्या डोक्यावर. मित्र म्हणावं असा वॉल होता, आणि तो आत बसला होता.

गॅव्हिनने मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं. कोटाकडे नाही, तोंडाकडे. तिच्या डोळ्यांशी बारीक सुरकुत्या पडल्या होत्या, अठ्ठाविसाव्या वर्षी. डाव्या भुवईत एक व्रण होता, जुना नव्हता. हनुवटी खरंच त्याच्या बापाची होती. रंगाखाली चेहरा दमलेला होता, आणि ते दमणं ओळखीचं होतं, कारण दाढी करताना तो रोज ते बघायचा. व्रण कशाचा ते विचारावं असं त्याच्या मनात आलं. किती बघायचं राहिलं होतं त्याचं.

ती हलली नाही. त्याला बघू दिलं.

“सकाळी किती वाजता उठतोस?” तिने विचारलं.

“पाचला.”

“मी नऊला. नऊला स्वयंपाकघरात चहा करून ठेव. आजी नको, आत्या नको. नऊ ते दहा मी टेगन.”

“रोज?”

“मंगळवारपर्यंत रोज. मंगळवारी विमान दुपारचं आहे, त्या सकाळीपण पिऊ.”

त्याने मनातल्या मनात मोजलं. सात सकाळी. सात तास. आठ वर्षांत एक तासही मिळाला नव्हता.

“चहात साखर किती?” तो म्हणाला, आणि हे आपल्याला माहीत नाही याची त्याला इतकी लाज वाटली की कान तापले.

“दीड चमचा. दूध नको.”

“दीड.”

बारमधून वॉलचा आवाज आला, दबलेला, की कुणी आहे का आत. टेगनने दाराकडे बघितलं, मग त्याच्याकडे. कोटाचं वरचं बटण तिच्या बोटांत होतं. ते तिने काढलं नाही, नुसतं धरून ठेवलं. तो जायची वाट बघत होती, आणि तसं तोंडाने म्हणायचं तिच्या जिवावर आलं होतं.

“जेवून तरी जा,” एनिड म्हणाली. “लॅम्ब होत आलंय.”

गॅव्हिनने मागचं दार उघडलं. बाहेर ऊन अजून पांढरं होतं, आणि त्या वेळचं आपलं अंगण कसं दिसतं हे त्याला माहीतच नव्हतं.

“मला आता निघायला हवं,” तो म्हणाला.